दिमोनाची आजी

[दृश्य: दिमोना, इस्राएल. वाळवंटाच्या कडेची चार मजली घरं. एका गॅलरीच्या दोरीवर नऊवारी लुगडी.]

ही लुगडी आमच्या आजीची. ती २०२२ साली गेली, ९६ वर्षांची होऊन. तिची धाकटी लेक अजून अधूनमधून लुगडी उन्हात घालते आणि खालून जाणारी पोरं मान वर करून बघतात. एवढं लांब कापड नेसायचं कसं, हा त्यांना पडलेला प्रश्न.

आजी म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. आजोबा ठाण्यात राहिले, ती गेली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. रायगडात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवत. पूर्वजांचं तारू अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही आमच्या घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट. तारू कोणत्या शतकात फुटलं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आजीला त्यात रस नव्हता. चौदा माणसांची एवढी पंगत झाली ना, मग बसा जेवायला, म्हणायची.

[फोटो: लग्नातला. नऊवारीतली नवरी, गळ्यात मंगळसूत्र, हातांवर मेंदी.]

जन्म १९२६ चा, अलिबागच्या इस्राएल आळीतला. लग्न होऊन भायखळ्याच्या चाळीत आली. नवरा रेल्वेत कारकून. घरात मराठी, मशिदीत हिब्रू. मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनाघर बरं का, आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत.

१९६३ मध्ये हे कुटुंब इस्राएलला निघालं. इथे कुणी त्यांना छळलं नव्हतं. ज्यूंचा द्वेष कसा असतो हे आमच्या लोकांना पुस्तकांतून, परदेशच्या बातम्यांतून कळलं. तरी १९४८ नंतर घरांमागून घरं जात राहिली. कुणाला धर्माची ओढ, कुणाला नोकरीची आशा, कुणाला मुलींसाठी स्थळांची काळजी. आजीचं कारण तिच्याच आवाजात टेपवर आहे: "सगळेच चालले. मग मी हितं कुणाच्या लग्नात नाचू?"

[ध्वनी: जुन्या कॅसेटची खरखर, मागे भांड्यांचा आवाज.]

या टेपा ती दिमोनाहून ठाण्याला पाठवायची. पत्र लिहायचा तिला कंटाळा. इथे एक सांगायला हवं. हा लघुपट जोडताना टेपांखाली उदास सतार घालू या, अशी सूचना आली होती. स्थलांतर म्हटलं की सतार लागतेच. पण टेपांवर ही बाई दर दोन मिनिटांनी हसतेय. सतार काढून टाकली.

[दृश्य: नेगेवचं वाळवंट. उघडे डोंगर, धूळ.]

दिमोना हे गाव वसवलं १९५५ मध्ये, मुख्यतः मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंसाठी. बेरशेबा शहरापासून पस्तीसेक किलोमीटर. उन्हाळ्यात अंगाची लाही, हिवाळ्यात रात्री बोटं वाकत नाहीत अशी थंडी. समुद्राच्या वाऱ्यात वाढलेली माणसं रात्रीच्या अंधारात तिथे उतरली. खोलीत सरकारी लोखंडी खाटा, पातळ गाद्या, बाकी काही नाही. आजोबांचे मेहुणे, म्हणजे तिचे यजमान, पेटीवर बसून राहिले. हातात लेखणी धरलेला माणूस, त्याला सरकारने झाडं लावायच्या कामाला जुंपलं. फावडं त्यांना कधी मानवलं नाही.

आजीने मात्र पहिल्याच सकाळी चहा टाकला. वेलची घातलेला. वासाने शेजारची मोरोक्कोची बाई दारात आली, तिच्या हातात पुदिन्याची जुडी. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. पुढची चाळीस वर्षं त्या एकमेकींच्या घरच्या बाळंतपणांना धावल्या.

मग ती कापडगिरणीत लागली. दिमोनात गिरणी आहे हे कळल्यावर तिला म्हणे आधी हसूच फुटलं. गिरणगावाच्या उंबऱ्यावर एवढी वर्षं काढली, गिरणीत पाऊल ठेवलं नाही, आणि वाळवंटात येऊन धोट्याच्या आवाजात उभी राहिली. हिब्रू ती वर्गात शिकलीच नाही, साच्यावर शिकली. त्यामुळे तिच्या हिब्रूत शिव्या अस्सल होत्या आणि व्याकरण अलिबागचं.

[दृश्य: जेरुसलेममधल्या १९६४ च्या धरण्याची कृष्णधवल छायाचित्रं.]

तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तेव्हा एक फर्मान काढलं होतं. बेने इस्राएल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर त्याचं कूळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावं. म्हणजे तुम्ही ज्यू आहात की नाही, याचीच शंका. आमचे लोक पेटले. देशभरातून माणसं जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्यूंना वसवणाऱ्या संस्थेच्या, कचेरीपुढे जाऊन बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. पंतप्रधान लेवी एश्कोल यांचा पाठिंबा होता. पुढे रब्बींनाही ते फर्मान मागे घ्यावं लागलं.

अपमानाची गोष्ट आहे ही. इतर नातेवाईक सांगताना अजून गंभीर होतात. आजी मात्र जत्रेसारखी सांगायची: कुणी भाकऱ्या आणल्या, कुणाचं लोणचं सांडलं, कोणत्या मुलाचं तिथेच कुणाशी जमलं. मला वाटतं, हे विसरणं नव्हतं. आपल्या वाट्याची गोष्ट कोणत्या सुरात सांगायची, हे दुसऱ्याने ठरवलेलं तिला चालत नसे.

[दृश्य: स्वयंपाकघर. परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं.]

हा मलिदा. भिजवलेले पोहे, साखर, नारळ, वेलची, केळी, खजूर. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, हा आमचा नवसाला पावणारा. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. बारसं, लग्न, परीक्षा, परदेशचा प्रवास, काहीही असो, मलिदा झालाच पाहिजे. दिमोनात सुरुवातीला पोहे कुठून मिळणार? भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात तिची पिशवी असायची: पोहे, कोकम आणि अलिबागचे कडवे वाल. वाल लागत ते बिरड्याच्या सणाला. खरं तर तो जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा, उपासाचा दिवस. पण आमच्या रीतीप्रमाणे त्याला बिरडं करायचं, म्हणून सणाचं नावच ते पडलं. "रडायच्या दिवसालाबी आपल्या लोकांनी बिरडं घातलं," टेपवर ती सांगते, आणि पुन्हा तेच हसू.

क्रिकेटचं वेड वेगळंच. इस्राएलमध्ये क्रिकेट टिकलं त्यात भारतातून गेलेल्या ज्यूंचा हात मोठा. दिमोनाच्या मैदानावर आजी सावलीत खुर्ची टाकून बसे आणि पंचाला मराठीत सुनावत असे. पंच मराठीच असल्याने त्याला सगळं समजायचं.

भारत आणि इस्राएलचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते जानेवारी १९९२ मध्ये. त्यानंतर ती एकदा आली. ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये पाऊल टाकल्याबरोबर तिने विचारलं, एवढी थोडी माणसं? मग गप्प न राहता ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. आमच्या घरी, आम्हाला न विचारता.

[दृश्य: सूनबाई, वय सत्तरीच्या पुढे, ओट्याशी.]

सगळंच गोड होतं असं नाही. सूनबाईंनी कॅमेऱ्यापुढे स्पष्ट सांगितलं: "सासूबाई मजेत असायच्या. भांडी मी घासायचे." लग्नाला न आलेल्या माणसाशी आजी वर्ष वर्ष बोलत नसे. ओट्याशी दुसऱ्याला उभं राहू देत नसे. आनंदाची व्यवस्था तिच्या हातात असायची, आणि ती व्यवस्था कडक होती.

पतवंडं तिला सावता म्हणत, हिब्रूत आजी. त्यांच्यापैकी मराठी एकालाही धड येत नाही, पण "जेवलास का" आणि "गप बस" सगळ्यांना येतं.

[दृश्य: वर्षश्राद्धाचा दिवस. घर माणसांनी भरलेलं. परात मधोमध.]

तिच्या वर्षश्राद्धाला मलिदा सूनबाईंनी केला. साखर मुद्दाम निम्मी घातली. सासूबाईंचा फार गोड व्हायचा, तीस वर्षं बोलता आलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिला घास घेतल्यावर थोरल्या लेकाने तोंड वाकडं केलं, धाकट्या लेकीने भावाला दटावलं, आणि बाकीच्यांनी परात पुसून काढली.