सुकलेला फोन आणि दुरुस्तीविषयीचे गैरसमज

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा दिला जातो आणि ४५ फुटांना धोक्याची पातळी ओलांडली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले होते. असा पूर ओसरला की घरातली भांडी, अंथरुणे आणि लाकडी सामान उन्हात वाळवले जाते. भिजलेला मोबाईलही त्याच रीतीने उन्हात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवला जातो आणि तो कोरडा झाला म्हणजे वाचला, असे मानले जाते. ही समजूत महागात पडते.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. नदीच्या, नळाच्या किंवा चहाच्या पाण्यात मात्र क्षार विरघळलेले असतात. फोन बंद केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीच्या, काही भागांत विजेचा दाब राहतो. तिथे ओलावा पसरला की एका टोकाचे तांबे झिजते आणि दोन टोकांच्या मधल्या जागेत धातूचे बारीक तंतू वाढू लागतात. हे तंतू दुसऱ्या टोकाला भिडले की शॉर्ट होतो. पाणी उडून गेल्यावरही क्षार मागे उरतात, दमट हवेतला ओलावा धरतात आणि गंज पुढे सरकत राहतो. त्यामुळेच भिजल्यानंतर नीट चालणारा फोन काही आठवड्यांनी अचानक बंद पडू शकतो.

चिपच्या खाली आणि धातूच्या झाकणाआड शिरलेले पाणी तांदूळ ओढून घेऊ शकत नाहीत. चालू होतो का हे पाहण्यासाठी फोन चार्जिंगला लावणे तर त्याहून घातक आहे, कारण त्या क्षणी ओल्या बोर्डात वीज सोडली जाते. फोनमध्ये धूळ आणि पाणी शिरत नाही असे सांगणाऱ्या आयपी ६८ या मानांकनाचाही पुष्कळांना आधार वाटतो. पण ती चाचणी नव्या फोनवर स्वच्छ पाण्यात होते. फोन एकदा पडला, उघडला गेला किंवा आतले रबरी सील जुने झाले की त्या मानांकनावर विसंबता येत नाही.

दुकानात फोन उघडून बॅटरी काढतात, झाकणे उचलतात, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि गरज पडल्यास अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या, यंत्रात धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गंजाचा हिरवट थर शोधतात. तासन्‌तास चालणाऱ्या या कामाला ‘नुसते धुण्याचे पैसे’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण फोन पुढे जगला नाही तरी कारागिराचे श्रम झालेलेच असतात. ‘तुमच्याकडे दिला तेव्हा चालू होता’ ही तक्रारही बहुधा प्रामाणिकच असते, पण त्या वेळी आतला गंज कोणाला दिसलेला नसतो. दुरुस्तीची हमी देता येणार नाही, हे दुकानदाराने फोन उघडण्यापूर्वीच पावतीवर लिहून द्यायला हवे; तिथे राखलेले मौन पुढच्या भांडणाचे मूळ ठरते.

फोनमधल्या माहितीविषयीचा गैरसमज तर फार क्लेशदायक आहे. मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावली की फोटो मिळतील, असे अनेकांना वाटते. आजच्या बहुतेक फोनमध्ये ही माहिती कूटबद्ध असते आणि ती उलगडण्याची किल्ली त्याच बोर्डावरील प्रोसेसरशी बांधलेली असते. त्यामुळे तो बोर्ड निदान काही वेळ जिवंत करावाच लागतो. हळदीच्या व्यापाऱ्याचा सारा हिशेब किंवा दिवंगत आईचे फोटो त्या फोनमध्ये असतील, तर तो बंद ठेवून लगेच दुकानात न्यावा आणि आपल्याला फोन हवा आहे की त्यातली माहिती, हे कारागिराला आधीच सांगावे, कारण त्यावरच त्याच्या कामाची दिशा ठरते.