नाव सुगरणीचे, खोपा नराचा
(सांगलीतील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

येथून तासगावकडे किंवा पलूसकडे जाताना विहिरीच्या काठावरील बाभळीला, नेमके पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना, लोंबणारे खोपे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, आणि ते विणणाऱ्या पाखराला आपण सुगरण म्हणतो. नाव बाईचे असले तरी विणकाम मात्र नराचे असते. ज्वारीच्या किंवा उसाच्या पात्याला तो चोचीने खाच पाडतो, सुटलेले टोक धरून उडतो आणि दोऱ्यासारखी लांब धांदोटी सोलून नेतो. खोपा अर्धा झाला की माद्या येतात, आत शिरून पारख करतात; एखादीला तो पसंत पडला तरच नर पुढची लांब नळी विणून काम पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारीच दुसरा खोपा घालून दुसरीची वाट पाहू लागतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लटकत राहतात. आपल्याकडच्या बाभळीवर ते आपण पाहिलेले असतात, फक्त त्यांचा अर्थ आपण विचारलेला नसतो.

तो अर्थ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम गावी तासन्‌तास निरीक्षण करून लावला. हा वेळ त्यांना बेकारीने मिळवून दिला होता. बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची व्याख्यात्याची जागा पैशाअभावी रद्द झाली होती, आणि पत्नी तहमिना यांच्यासह त्यांनी किहीमला बिऱ्हाड हलवले होते. नोकरी टिकली असती तर हे काम कोणी आणि कधी केले असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लवकर गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. शाळकरी वयात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनाही ती ओळखता येईना, म्हणून त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे मुलासमोर उघडले. पुढे हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. १९३९ मध्ये तहमिना वारल्या, तरी भटकंती थांबली नाही. १९७६ मध्ये मिळालेल्या, वन्यजीव संरक्षणासाठीच्या गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी सोसायटीच्या कामासाठी दिली.

आता राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण म्हशी आणि पाणी या दोन्ही गोष्टी आपल्या कृष्णाकाठाला परक्या नाहीत. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, ते हेच पाणथळ. पाणी शेतीला द्यावे म्हणून ते कोरडे करण्याची मागणी स्वातंत्र्यानंतर झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. पुढे राष्ट्रीय उद्यान करताना १९८२ मध्ये गुरांना चराईबंदी झाली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे मेली. चराईने पाणथळाचे नुकसान होते, असेच सलीम अलींचे मत होते. पण त्यांच्याच सोसायटीने तेथे चालवलेल्या दीर्घ अभ्यासातून वेगळेच दिसले: म्हशी गवत खात होत्या म्हणून पाणी मोकळे राहत होते, त्या गेल्यावर गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आखडली.

२० जून १९८७ रोजी सलीम अली गेले. अभ्यास त्यांच्यामागेही चालू राहिला, आणि आपल्या संस्थापुरुषाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष सोसायटीने दडवला नाही.