रुग्णवाहिका येईपर्यंत

(वरून घेतलेलं दृश्य: घाट, बोगद्यातून बाहेर पडणारे ट्रक)

सातारा जिल्ह्यातला खंबाटकी घाट. पुण्याकडे निघालेली गाडी बोगद्यातून बाहेर पडते ती थेट उतारावर, आणि पुढ्यात येतं ते एस वळण. भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापले की काय होतं, हे इथल्या टायरवाल्यांना, ढाबेवाल्यांना कुणी सांगायला नको. आवाज आला की पहिली धाव त्यांचीच असते.

२०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका डॉक्टरला घेऊनच येते. पण ती पोहोचेपर्यंत रक्त थोडंच थांबतंय? म्हणून पहिली धाव घेणाऱ्यांसाठी हे प्रथमोपचाराचं प्रशिक्षण.

(मैदान. सतरंजीवर तरुण, मांडीला लाल रंग)

हा जखमी खोटा, रंग होळीतला. पण मांडीवरच्या हातांकडे बघा. कोपर ताठ, खांद्याचा सगळा भार तळहातावर. जखम खोल असेल तर स्वच्छ कापड बोटानं आत कोंबायचं, पार तळापर्यंत, आणि दाबून धरायचं. थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही. नेमकी हीच खोड लवकर जात नाही.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना, तर जखमेवर नव्हे, तिच्या वरच्या अंगाला, धडाच्या बाजूला रुंद पट्टी बांधायची. दोरी नको, वायर तर नकोच. गाठीत काठी अडकवायची आणि रक्त थांबेपर्यंत पिळायची. जखमी ओरडतो, विनवतो. तरी सैल सोडायची नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. कागद नसला तर कपाळावर.

आता हे चौघं. डोक्याशी बसलेल्यानं मान दोन्ही हातांत धरलीय, हुकूम त्याचाच. एक, दोन, तीन... डोकं, पाठ, कंबर एकदमच कुशीवर. एरवी आपण काय करतो? एकानं बगलेत धरायचं, दुसऱ्यानं पाय, आणि जीपमध्ये दुमडून घालायचं. वर तोंडात पाणी ओतायचं. माया खरी, पण मणका मोडलेला असला तर ती महागात पडते.

(रुग्णवाहिकेच्या आत)

कात्रीनं कपडे कापले जातात आणि लगेच ब्लँकेट येतं. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, १ ग्रॅम, शिरेतून, १० मिनिटांत. तेही दुखापतीपासून ३ तासांच्या आत, नंतर त्याचा अपायच होऊ शकतो. पुढे ऑपरेशन, आयसीयू, घरची थांबलेली कमाई, ते सगळं आहेच.

“पोलिसांच्या लफड्यात कशाला पडा?” हा प्रश्न हमखास येतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. हे ऐकलं की मागच्या रांगेतले पुढे सरकतात.

पुढची बॅच ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकांची. गाळप सुरू व्हायच्या आत.