पागोळीखालचा दगड

श्रोतेहो, नमस्कार.

1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात होते. वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी त्यांचा मुक्काम होता. तेव्हा इथल्या एस. महादेव अँड सन या छायाचित्रकारांनी त्यांचा फोटो काढला. तो फोटो मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि दर वेळी नजर डोळ्यांपाशीच थांबते. आज फोन प्रत्येकाच्या हातात आहे. फोटो काढणं सोपं झालं, पाहणं मात्र मागं पडलं. आज मला या पाहण्याबद्दलच बोलायचं आहे.

आपण देवाला जातो तेव्हा 'दर्शनाला जातो' म्हणतो. आपल्या बेळगाव-खानापूरकडचे वारकरी पंढरपुरात तासन्‌तास रांगेत उभे राहतात आणि विठोबासमोर जेमतेम काही क्षण मिळतात. पण तेवढ्यात ते डोळे भरून पाहतात. ती नजर घरी आल्यावर कुठं जाते, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

तिबेटी बौद्ध गुरू चोग्याम त्रुंगपा यांच्या शिकवणीतून फोटोग्राफीची एक साधना पुढं आली. तिला 'मिकसांग' म्हणतात. तिबेटी भाषेत याचा अर्थ 'चांगला डोळा'. रीत अगदी साधी. चालता चालता एखादा रंग, एखादी उजेडाची तिरीप अचानक तुम्हाला थांबवते. तिथं थांबायचं. 'छान आहे', 'फोटो बरा येईल' असले विचार आले की ते येऊ द्यायचे, जाऊ द्यायचे. नेमकं कशानं थांबवलं ते नीट पाहायचं. मग जेवढं दिसलं तेवढंच टिपायचं, काही सजवायचं नाही. कॅमेरा हातात येतो तो सगळ्यात शेवटी, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आमचं जुनं कौलारू घर खानापूर तालुक्यात आहे. तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या आषाढात मी पडवीत बसले होते. वळचणीतून पागोळ्या गळत होत्या. खाली जोत्याच्या कडेला दगडांची ओळ आहे, माझ्या जन्माआधीपासूनची. त्या दगडांवर एका रेषेत खळगे पडलेत, प्रत्येक पागोळीखाली एक. काही बोटाच्या पेरात मावतील एवढे, काही त्याहून उथळ. थेंब पडला की पाणी काठापर्यंत उसळायचं, थरथरायचं, आणि निवळायच्या आत पुढचा थेंब. त्या खळग्यात आभाळाचा करडा तुकडा दिसायचा आणि फुटायचा. याच दगडांवर पाय ठेवून मी लहानाची मोठी झाले, पण ते खळगे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. फोन आत होता, तरी उठावंसं वाटलं नाही. शेजारच्या काकी छत्री धरून आल्या, म्हणाल्या, "काय बघूलीस गे इतकं?" मी नुसतं बोट दाखवलं. त्याही पायरीवर टेकल्या. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

फोटो मी दुसऱ्या दिवशी काढला. एकच.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. माणसांच्या बाबतीत डोळ्यांनी आधी परवानगी मागावी. बाजारात भाजीची बुट्टी घेऊन बसलेल्या मावशी म्हणजे देखावा नव्हे. त्यांच्यापाशी बसा, दोन शब्द बोला, मेथीची जुडी घ्या. मग विचारा. नको म्हणाल्या तर फोन पिशवीत ठेवा. पाहणं तर झालंच ना!

सुरुवात करायची तर लांब जायला नको. रोज सकाळी दहा मिनिटं, फोन न काढता, आपल्याच गल्लीत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, 1204 सालची; तिथं गेलात तर मान वर करून छतावरचं दगडी कमळ पाहत राहा, मान दुखेपर्यंत. पण दारातली रांगोळी आणि चहाच्या पातेल्यावरची वाफही पुरते.

आता शहरात आमच्या भिंतीपलीकडे कन्नड बोलणाऱ्या एक आजी राहतात. परवा पावसानंतर त्यांनी हाक मारली, "अक्का, इल्ली नोड्री!" इकडं बघा. अळूच्या पानावर थेंब होता, वाऱ्यानं पान हललं की इकडून तिकडं धावायचा. आम्ही दोघी भिंतीवर कोपरं टेकून उभ्या राहिलो, तो घरंगळून खाली पडेपर्यंत.

नमस्कार.