कोब्यावरची जुनी वीट

नमस्कार मंडळी. अंगणातल्या कोब्यावर, म्हणजे काँक्रीटच्या पक्क्या थरावर, जुनी वीट कशी अंथरावी, हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागच्या रांगेत दाराकडे तोंड करून बसलेल्यांची सोय होईल. कोबा म्हणजे परात. तीत उतरलेलं पाणी तीतच राहतं, मग वर वीट मांडा नाहीतर ग्रॅनाइट. त्या पाण्याला वाट कशी काढायची, तेच आज सांगायचं आहे. पण आधी विटेबद्दल दोन शब्द, कारण फसगत तिथेच होते.

कसब्यात, नारायण पेठेत वाडा उतरवला की ट्रक भरभरून विटा निघतात. उभा असेपर्यंत वाडा 'धोकादायक', आणि पाडला की त्याचीच वीट 'हेरिटेज', नगावर भाव! विकणारा म्हणतो, "साहेब, शंभर वर्षं टिकलीय." टिकली, कबूल. पण कुठे? छपराखाली, भिंतीच्या पोटात, अंगावर गिलावा पांघरून. पाऊस तिने पाहिलाच नाही. जुन्या भिंतीत बाहेरच्या अंगाला पक्की वीट आणि आत कमी भाजलेली, हे सर्रास असे. आतली वीट तिथे सुखाने नांदते. अंगणात उघड्यावर आणली की दोन-तीन पावसाळ्यांत तिचे पापुद्रे सुटतात. आणि ट्रकमध्ये दोघी एकत्रच येतात.

म्हणून ढीग निवडायचा. दोन विटा एकमेकींवर हलक्या आपटा. खणकन वाजली तर घ्या, बद्द वाजली तर बाजूला. नखाने ओरखडा उठला तर तीही बाजूला. शंका असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या (घरच्यांना विचारून). कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ४५० ग्रॅम पाणी प्यायली म्हणजे १५ टक्के, चालेल. ६०० ग्रॅम म्हणजे २० टक्के, भारतीय मानकाने भिंतीच्या साध्या विटेला दिलेली कमाल मर्यादा. पायाखाली ती मी घेणार नाही. वेडीवाकडी, काळपट खंगर (जास्त भाजलेली) वीट मात्र फेकू नका. ती पाणी जवळजवळ पीत नाही, कडेच्या ओळीला उत्तम. जोत्यालगतची आणि मोरीच्या भिंतीतली वीट नको. तिच्यात लोणा, म्हणजे क्षार, मुरलेला असतो. पांढरी पूड आज झाडाल, वाळली की पुन्हा हजर.

चुन्यात बांधलेली वीट बोथट छिन्नीने साफ होते. सिमेंटमध्ये बांधलेली असेल तर वीट तुटते, सिमेंट सुटत नाही. तो सौदा करूच नका. ॲसिडने धुण्याचा मोहही टाळा. चुना विरघळतो, पण तयार झालेले क्षार विटेतच मुरतात.

आता हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी नक्षी. फोटो दाखवून सगळे तेच मागतात. त्या नक्षीला विटेची लांबी दोन रुंद्या अधिक एक फट इतकी लागते. जुन्या विटा तीन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडे-तिकडे असतात, त्यामुळे पाचव्या-सहाव्या ओळीला नक्षी तिरकी पळू लागते आणि गवंडी तुमच्याकडे बघू लागतो. रुंदीप्रमाणे तीन ढीग करा, एका ओळीत एकाच ढिगातली वीट, सांधमोड साधी, म्हणजे खालच्या ओळीच्या उभ्या फटीवर वरच्या ओळीची फट येऊ द्यायची नाही. लांबीतला फरक उभ्या फटीत जिरतो.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. मुख्य विषय राहिलाच की.

तर परात. कोब्याला १० फुटांत किमान दीड इंच ढाळ हवा, घरापासून बाहेरच्या दिशेने. लेव्हल पाइपने तपासा. कोब्याखाली मुरूम असेल तर सखल कडेला तीन-तीन फुटांवर दोन इंची भोकं आरपार पाडा, त्यांत कच (बारीक खडी) भरा, वर जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण बारीक कण अडवणाऱ्या कापडाचा तुकडा. खाली काळी माती असेल तर भोक पाडू नका. पाणी लागलं की ती फुगते आणि कोबाच उचलते. पाणी कडेने नालीत काढा. आणि खाली पार्किंग असेल तर ड्रिल पेटीतच राहू द्या, वॉटरप्रूफिंग फुटेल. तिथे वजनही धरा: विटा आणि कच मिळून चौरस फुटाला १६-१७ किलो.

कोब्यावर इंचभर कच, मातकट वाळू नव्हे. पाणी साचलं की बारीक वाळू पायाबरोबर फटीतून वर येते आणि वीट डुगडुगते. कडेची ओळ तेवढी १:४ सिमेंट-वाळूच्या मसाल्यात, तिथला कोबा टाचून (टाचे मारून खडबडीत करून). पण सखल बाजूला त्या मसाल्यात पाणी सुटायला फटी ठेवा, नाहीतर परातीला आपणच काठ लावला. कोब्यातला सांधा वर विटांतही तसाच उतरवा. ठोकायला रबरी हातोडा. प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाबणारं यंत्र) लावलात तर खाली कोबा दबत नाही, मधली वीटच तडकते.

फटीत चाळलेली कोरडी वाळू. सिमेंट नको! फट सिमेंटने बुजली की पाणी विटेतूनच वाळतं, क्षार तिच्या पृष्ठभागामागे साठतात आणि तोंड पापुद्र्याने सुटतं. चकचकीत सीलरचंही तेच.

उंची राहिली. इंचभर कच, ३ इंची वीट, म्हणजे ४ इंच वर. उंबरठा, फाटकाची खालची कड, चेंबरची झाकणं आधी मोजा. जोत्याच्या ओल-पट्टीखाली (भिंतीत ओल वर चढू न देणाऱ्या थराखाली) ६ इंच मोकळे राहत नसतील तर भिंतीलगत फूटभर पट्टा विटांशिवाय सोडा.

हिशेब: २०० चौरस फुटांना ९ बाय साडेचार इंचाची, आडवी मांडलेली वीट साधारण ७०० लागते. निवडीत जाणारी धरून ९०० सांगा. कच २० ते २२ घनफूट. दिवे मालवताहेत, उरलेले प्रश्न बाहेर पायरीवर घेऊ.