वृक्षारोपण आणि थकलेलं बिल

(नाशिकमध्ये लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘लघुउद्योगातील सामाजिक बांधिलकी आणि आर्थिक कामगिरी’. सातपूरच्या माझ्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून नग काढायच्या कारखान्यात, हा विषय काढला असता तर फोरमन म्हणाला असता, “साहेब, आधी डाय, म्हणजे साचा, बदलू का?”

बांधिलकी म्हटलं की आपण म्हणतो, ते मोठ्यांचं काम. कायदाही तेच म्हणतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी काढायचे. इथे कुणाचा नफा ५ कोटी आहे, हात वर करा. कुणीच नाही? बरोबर, असला तरी कोण करणार!

तर एक गिऱ्हाईक कंपनी. नाव सांगत नाही, तिची ऑर्डर अजून चालू आहे. माझं सहा लाखांचं बिल तिच्याकडे अडकलेलं, आणि परचेसचे साहेब फोन उचलेनात. अशात निमंत्रण आलं: वृक्षारोपण, सर्व पुरवठादारांनी सहकुटुंब यावे. म्हटलं, चला, साहेब तिथे तरी भेटतील. भेटले. मला एक टोपी आणि एक टी-शर्ट दिला. टी-शर्ट माझ्या नातवाला झाला. हातात फावडं देऊन फोटो काढला. मी खड्ड्यात माती लोटता लोटता हळूच म्हटलं, “साहेब, ते बिल...” साहेब म्हणाले, “अहो, आज चांगलं काम चाललंय, आज पैशाचं नको.” मग मसालेभात खाल्ला, चांगला होता, आणि घरी आलो.

पैसे एकशे विसाव्या दिवशी आले. एमएसएमई कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, २००६ चा, सांगतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जायचं नाही. म्हणजे वरचे ७५ दिवस सहा लाख मी वापरायला दिले. माझ्या सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज १२ टक्के धरा, जवळजवळ पंधरा हजार होतात. ते झाड माझ्या पैशातलं आहे, मंडळी! पाटीवर नाव मात्र त्यांचं.

तक्रार का नाही केली, असं आमचे सीए विचारतात. कायद्यात उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. आहे ना! पण व्याज एकदा मिळतं, ऑर्डर दर महिन्याला मिळते. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून लहान पुरवठादाराचं मुदतीबाहेरचं देणं दिल्याशिवाय खर्चात धरत नाहीत, म्हणून मार्च आला की सगळ्यांना आपली आठवण होते. एप्रिलमध्ये पुन्हा...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अध्यक्ष महोदय, मी तर आत्ता विषयाला लागतोय.

बरं, भराभर सांगतो. बांधिलकीनं नफा वाढतो का? वॅडॉक आणि ग्रेव्हज यांचा १९९७ चा अभ्यास म्हणतो, दोन्ही बाजूंनी खरं आहे: पैसा असला की माणसं समाजाचं बघतात, आणि समाजाचं बघितलं की पैसाही बरा येतो. पण तो अभ्यास मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा. आपल्याकडे कोंबडी आधी की अंडं, हे ठरवायला ना कोंबडी, ना अंडं.

म्हणून माझा मुद्दा छोटा आहे. आपली बांधिलकी शेडच्या आत असते. सात तारखेला पगार. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा विमा, पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के, रडत न बसता भरायचे. पॉवर प्रेसला दोन हातांची दोन बटणं बसवायची, म्हणजे हात प्रेसखाली सापडत नाही, आणि ऑपरेटर एका बटणात काडी खुपसून ठेवतो ती रोज काढायची. बटणं बसवल्यावर माझे तासाचे नग कमी झाले. रिजेक्शनही कमी झालं, कारण माणसं टिकली. नवा ऑपरेटर शिकेपर्यंत किती माल भंगारात जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. हिशोब कागदावर मांडून दाखवणार होतो, कागद आणलाय, पण वेळ नाही.

अजून एक, आणि बसतो. आपणही कुणाचे तरी गिऱ्हाईक असतो. माझा प्लेटिंगवाला, माझ्या नगांना मुलामा देणारा, तिसऱ्या रांगेत बसलाय, मघापासून हसतोय. त्याचं बिल माझ्याकडे किती दिवसांचं आहे रे? ...साठ? एवढ्या मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. सोमवारी ये.