मुंबई ते न्यूयॉर्क : दोरा आणि वारा

इथल्या निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, त्यामुळे प्रस्तावना नको. न्यूयॉर्क किती लांब आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेळ नुसत्या अंतरावर नाही, वाऱ्यावरही ठरतो, हे मला आज सांगायचंय. पण आधी मावशीची गोष्ट.

मावशी पहिल्यांदाच एकटी लेकीकडे निघाली. मधुमेह असल्याने इन्सुलिनच्या वेळा ठरलेल्या. तिकीट काढून देणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून दिलं, १२,५०० किलोमीटर, १४ तास. ताशी ९००ने भागलं, झालं! विमान उतरलं १६ तासांनी. पर्समध्ये दशम्या होत्या म्हणून निभावलं. मला त्या भागाकाराचा अजून राग येतो. आणि उतरल्यावर फोनवर पहिलं वाक्य काय? “अरे, पडद्यावर विमान रशियाकडे चाललेलं! अमेरिका पश्चिमेला ना?”

मी शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला, व्हिडिओ कॉल लावला आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, सहारा अशी जाते आणि भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. ताणलेला दोरा मात्र मध्य आशिया, रशिया करत पार जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि १२,५००मध्ये भागतं. हेच आपलं पुस्तकातलं बृहद्वृत्त, गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता. मावशी म्हणाली, “म्हणजे विमान बरोबर होतं, नकाशा चुकला.” तिने तीनदा दोरा ताणायला लावला. दहावीच्या वर्गाने कधी एकदाही लावला नाही!

आता वारा. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून उंचावरचे प्रचंड वारे मोजले. जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या जागतिक भाषेत छापला, आणि जगाने तो वाचलाच नाही. १९४४मध्ये अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर त्याच वाऱ्यांत सापडली. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं, पण अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय.

तर थोडक्यात. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा हाच वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. म्हणून जाताना वारा समोरून, येताना पाठीवर. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण तर लिहूनच घ्या. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने अटलांटिक सोडून उलट पूर्वेला, पॅसिफिकवरून उड्डाण केलं, म्हणजे वारा पाठीवर. अंतर १,४०० किलोमीटरने वाढून सुमारे १५,३०० झालं, पण प्रवास जवळपास दोन तासांनी कमी झाला. शिवाय आकाशालाही दारं असतात. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं दार आपल्या विमानांना बंद झालं, की दोऱ्याला वळसा आलाच.

मावशीला परतीची चिठ्ठी मी लिहिली. त्याच फ्लाइटला मागच्या आठवड्यात रोज प्रत्यक्ष किती वेळ लागला ते पाहून. तुम्हीही तसंच करा, आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. खालच्या सामानात ते गोठू शकतं.